जुनी शेती अवजारं, इंजिनं आणि ट्रॅक्टर : पार्टविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की हडपसरच्या पुढे आमचं छोटं वर्कशॉप आहे. जुनी ऑइल इंजिनं, कडबा कुट्टीची यंत्रं, उसाचे चरक, पन्नास-साठ वर्षांचे ट्रॅक्टर अशी कामं आम्ही करतो. फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

आजोबांच्या काळातलं इंजिन आहे, कंपनी केव्हाच बंद पडली. पार्ट मिळतील का?

बहुतेक वेळा मिळतात, पण सगळे एकाच दुकानात नाहीत. मशीन उघडून टेबलावर मांडलं की निम्म्याहून जास्त पार्ट कंपनीचे नसतातच. बेअरिंग, ऑइल सील, पट्टा, नट-बोल्ट, स्प्रिंग, ग्रीस निपल हा सगळा मापावर मिळणारा माल आहे. बुश, पिन, शाफ्ट लेथवर होतात. खरी अडचण येते ती ओतीव बिडाच्या पार्टांची आणि इंजिनाच्या आतल्या काही मोजक्या वस्तूंची. त्यामुळे ‘अमुक कंपनीचा पार्ट आहे का’ असं विचारत दहा दुकानं फिरण्याआधी पार्टचं माप काढा. काउंटरवरच्या माणसाला तुमच्या मशीनचं नाव माहीत नसलं, तरी तीस बाय बासष्ट बाय सोळा म्हटलं की तो लगेच फळीकडे वळतो.

मोडका पार्ट भंगारात दिला तर चालेल ना? तसाही तो वाया गेलाय.

कृपा करून देऊ नका. तुमच्याकडे त्या पार्टचं दुसरं ड्रॉइंग नाही.

शिरूरकडचे एक काका सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात कडबा कुट्टीचा गिअर घेऊन आले होते. तीन तुकडे झालेले, सहा दाते गायब. “भंगारवाला वजनावर नेत होता, पण आई म्हणाली राहू दे, आप्पांचं आहे,” असं सांगत त्यांनी पोतं टेबलावर रिकामं केलं. तुकडे रॉकेलने धुऊन काचेवर जुळवले. तुटलेल्या जागी काही कळत नव्हतं, पण समोरच्या बाजूचे चार दाते जवळजवळ न झिजलेले निघाले. मधल्या भोकात चावीची खाच शाबूत होती आणि काजळीखाली ओतलेली तीन अक्षरं दिसली. एवढ्यावर नवीन गिअर झाला. ते तुकडे नसते तर समोरच्या गिअरवरून अंदाज बांधत बसलो असतो आणि दोन्ही गिअर एकमेकांना खात राहिले असते.

वॉशर, शिम (फट भरायची पातळ चकती), फाटकं गास्केट, वाकलेली कॉटर पिन हेसुद्धा डब्यात ठेवा. शिमची जाडी हीच पुष्कळदा हरवलेली माहिती असते.

फोटो पाठवला तर पार्ट ओळखाल का?

ओळखू, पण फोटोत शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. समोरून, बाजूने आणि जिथे पार्ट बसतो त्या जागेचा असे तीन फोटो लागतात. ओतलेली अक्षरं वाचता येत नसतील तर त्यावर खडू घासून फडक्याने पुसा. खाचेत पांढरं राहतं आणि नंबर उठून दिसतो. पितळी नेमप्लेटला मात्र पॉलिश पेपर लावू नका. त्यावरचे ठोकलेले आकडे आधीच उथळ असतात. एकदा घासून गेले की इंजिनाची ओळख पुसली गेली म्हणून समजा.

बाजारातला बोल्ट दोन आटे फिरतो आणि अडकतो. जोर लावू का?

नाही. आमच्या कामात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुनी इंग्लिश यंत्रं आणि त्यांच्यावर बेतलेली आपल्याकडची यंत्रं व्हिटवर्थ किंवा बीएसएफ या ब्रिटिश मापांच्या आट्यांची असतात. त्यांच्या आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकन यूएनसी-यूएनएफ आणि मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. आपल्या देशात मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत रुळली. त्यामुळे त्या काळातल्या यंत्रात इंचाचे आणि मिलिमीटरचे बोल्ट शेजारी शेजारी सापडतात. त्यात पुढच्या मेकॅनिकांनी हाताला आले ते बोल्ट घातलेले असतात, ते वेगळेच.

फसवणारं माप म्हणजे अर्धा इंच, आपल्या भाषेत चार सूत. व्हिटवर्थला इंचात १२ आटे, यूएनसीला १३. हातात घेतले तर दोन्ही बोल्ट सारखे वाटतात. सुरुवातीला बोल्ट छान जातो, मग जड होतो. तिथे पान्याला पाइप लावला की बिडातले आटे निघतात, किंवा बोल्ट बसतो तो कान तुटतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका पंपाच्या बॉडीचा कान असाच तोडला आहे. तो आवाज अजून लक्षात आहे.

म्हणून शंभर-दोनशे रुपयांचं आटे मोजायचं गेज आणि एक व्हर्निअर घ्या. तीन गेज लावून बघायचे: व्हिटवर्थचं, यूएनसी-यूएनएफचं आणि मेट्रिकचं. ज्याच्यामागून उजेड दिसत नाही ते माप तुमचं. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, जबड्याचा नाही. ३/८ लिहिलेल्या पान्याचा जबडा जवळपास १८ मिलिमीटर भरतो, म्हणून त्या बोल्टला १८ चा पाना चालतो. सगळ्या मापांना असा जोड मिळत नाही, आणि ढिला पाना जुन्या बोल्टची डोकी गोल करतो.

बेअरिंगवर नुसता नंबर आहे, कंपनीचं नाव पुसलं गेलंय.

नंबर पुरे आहे. ६२०५ म्हणजे आतलं भोक २५, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५ मिलिमीटर, मग कंपनी कोणतीही असो. ६२०६ म्हणजे ३०, ६२, १६. नंबरच्या सुरुवातीला आरएलएस किंवा आरएमएस असेल तर ते इंचाचं बेअरिंग. उदाहरणार्थ आरएलएस ८ चं भोक एक इंच आणि बाहेरचा व्यास सव्वादोन इंच. ही बेअरिंगं आजही बनतात, फक्त दुकानदार मागवून देतो. ‘त्याच्या जवळचं मेट्रिक बसवून टाका’ हा सल्ला ऐकू नका. एक इंच म्हणजे २५.४. पंचवीसचं बेअरिंग त्या शाफ्टवर चढणारच नाही, आणि चढवण्यासाठी शाफ्ट उतरवला की मूळ मशीन कायमचं बदललं.

ऑइल सीलसाठी शाफ्ट, घर आणि जाडी ही तीन मापं द्या. सीलच्या ओठाने शाफ्टवर खाच पाडली असेल तर नवीन सीलही गळेल. सील एक-दोन मिलिमीटर आतबाहेर बसवून ओठ कोऱ्या जागी टेकवा, नाहीतर शाफ्टवर पातळ बाही चढवून घ्या.

गिअर नवीन कापून मिळतो का? माप काय द्यायचं?

मिळतो. दाते मोजा आणि बाहेरचा व्यास अचूक घ्या. इंचाच्या गिअरसाठी दात्यांच्या संख्येत दोन मिळवायचे आणि व्यासाच्या इंचांनी भागायचं. २२ दाते आणि बरोबर ४ इंच व्यास असेल तर २४ भागिले ४, म्हणजे ६ डीपी. डीपी हे दात्यांचं इंचातलं माप, मॉड्यूल हे मिलिमीटरमधलं. हाच गिअर कोणी ४ मॉड्यूलचा समजून कापला तर व्यास ९६ मिलिमीटर येईल आणि तुमचा आहे १०१.६. हिशेब पूर्णांकात सुटला नाही तर दाते झिजलेले आहेत किंवा गिअर वेगळ्या पद्धतीचा आहे. अशा वेळी जोडीचा दुसरा गिअरही घेऊन या.

बिडाचा पार्ट तडकलाय. वेल्डिंग करू की नवीन ओतून घेऊ?

तडा कुठे आहे आणि त्या जागी किती ताण येतो यावर ठरतं.

पाण्याच्या जॅकेटला, झाकणाला, पंपाच्या बॉडीला तडा असेल तर दुरुस्ती होते. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे सरकणं थांबवायचं, खाच करायची, पार्ट सावकाश गरम करायचा आणि निकेलच्या रॉडने छोटे छोटे टाके घ्यायचे. प्रत्येक टाक्यानंतर हलक्या हातोडीने ठोकायचं. झालं की चुन्यात किंवा कोरड्या राखेत पुरून रात्रभर थंड होऊ द्यायचं. साध्या रॉडने घाईत मारलेलं वेल्डिंग शेजारीच नवा तडा पाडतं. पितळी झाळही चांगली बसते. जिथे फार उष्णता नाही तिथे मला तीच जास्त आवडते.

फ्लायव्हीलला तडा असेल तर मात्र दुरुस्ती नाही. फ्लायव्हील दोरीला टांगा आणि हातोडीने हलकेच वाजवा. देवळातल्या घंटेसारखा लांबणारा नाद आला तर ठीक. आवाज बद्द आला तर आरा किंवा तुंबा (चाकाचा मधला भाग) तडकलेला आहे. असं चाक कोणीही वेल्ड करून दिलं तरी लावू नका. फिरताना सुटलं तर माणूस मरतो. आमच्याकडे आलेली अशी चाकं आम्ही बसवत नाही आणि पुन्हा विकली जाऊ नयेत म्हणून फोडून ठेवतो.

नवीन ओतायचं असेल तर कोल्हापूरच्या बाजूला, शिरोली-गोकुळ शिरगावकडे फाउंड्र्या भरपूर आहेत. एकदोन नगांचं काम सगळेच घेत नाहीत, पण विचारत राहिलं की घेणारा भेटतो. लक्षात ठेवायची गोष्ट एकच. बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत. जुनाच पार्ट वाळूत दाबून साचा केला तर नवा पार्ट शेकड्याला एकाने लहान येईल, शिवाय मशीनिंगला मालही उरणार नाही. म्हणून लाकडी पॅटर्न मोठ्या मापाचा करून घ्यावा, किंवा जुन्या पार्टवर पुट्टी आणि पत्र्याचे थर देऊन तो वाढवावा. पॅटर्न तुमच्या पैशाने झाला असेल तर फाउंड्रीत सोडू नका, घरी आणा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी तोच लागतो.

‘लिस्टर’ इंजिन आहे. याचे पार्ट अजून मिळतात?

सर्वांत सोपं काम. इंग्लंडमधल्या डर्सलीच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या आसपास सीएस इंजिन आणलं. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, स्ट्रोक (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर) साडेपाच इंच, वेग मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे. राजकोटच्या कारखान्यांनी त्याच घडणीची इंजिनं वर्षानुवर्षं बनवली. त्यामुळे पिस्टन, रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह, बुश आजही मिळतात. मात्र डोळे झाकून बसवू नका. राजकोटचा माल कुठे इंचात, कुठे मिलिमीटरमध्ये असतो. पिस्टन लायनरमध्ये घालून फीलर गेज फिरवा, रिंग नुसती लायनरमध्ये सरकवून तिच्या तोंडातली फट मोजा.

आपल्याकडच्या इंजिनांची गोष्ट वेगळी. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून पुण्यात, खडकीला. जुन्या मॉडेलांचा नवा माल संपला असला तरी गावोगावच्या पंपवाल्यांकडे, बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यावर कोरे पार्ट ग्रीसच्या कागदात पडून असतात. साताऱ्याच्या कूपर इंजिनाचंही तसंच. त्यासाठी फोनपेक्षा मोटारसायकल जास्त उपयोगी पडते. सासवड, फलटण, वाई या पट्ट्यात एखाद्या म्हाताऱ्या मेकॅनिकच्या अंगणात बसून चहा घेतला की पत्ता मिळतोच.

जुन्या ट्रॅक्टरचे पार्ट?

मॉडेलनुसार फार फरक पडतो. कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ बनलेल्या करड्या फर्ग्युसन टीई-२० चे पार्ट इंग्लंडमध्ये अजून नवे बनतात. त्याच्या मागच्या तीन-बिंदू जोडणीच्या पिना तर आजच्या कॅटेगरी एक या ठरलेल्या मापाच्याच आहेत, कोणत्याही अवजाराच्या दुकानात मिळतील. मॅसी फर्ग्युसन ३५ ला आपल्याकडे तोटा नाही, पण इंजिन नीट ओळखा. पर्किन्सच्या तीन सिलिंडरवाल्यांत पी३.१४४ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) साडेतीन इंच आणि ए३.१५२ चा ३.६ इंच. दोघांचा स्ट्रोक पाच इंचच. पिस्टन मागवताना ‘पस्तीसचा द्या’ एवढंच सांगितलं की चुकीचा सेट घरी येतो.

इंटरनॅशनल बी-२७५ महिंद्राने मुंबईत बनवला म्हणून त्याचे पार्ट महाराष्ट्रात सापडतात. आजच्या २७५ डीआय या नावावर जाऊ नका, ते इंजिन वेगळं आहे. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण रानात एचएमटीचे एवढे झेटर ट्रॅक्टर चालू आहेत की माल टिकून आहे. १९५९ पासूनच्या सुरुवातीच्या आयशरचं काम अवघड. ते सापडलं तर आधी दुसरा मोडका आयशर शोधा, मग पाना हातात घ्या.

टायरची जुनी मापं नव्या नावाने मिळतात: १०-२८ म्हणजे आताचं ११.२-२८ आणि ११-२८ म्हणजे १२.४-२८.

इंजिन जाम आहे. हँडल हलत नाही.

नोजल काढा, त्या भोकातून डिझेल आणि गिअरचं पातळ तेल निम्मं निम्मं ओता आणि आठ दिवस विसरून जा. मग फ्लायव्हील दोन्ही बाजूंना थोडं थोडं हलवून बघा. पिस्टनवर पहार घालून ठोकू नका. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन फुटतो, आणि तो मिळत नसेल तर इंजिनच संपलं.

सुटल्यावर लगेच चालू करू नका. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाच्या डिझेल पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकलेली असते आणि इंजिन सुरू होताच बेफाम पळतं. रॅक बोटाने मोकळी सरकते का ते पाहा, आणि हवेच्या तोंडावर दाबायला जाड फळी हाताशी ठेवा. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला. मूठ वळून हँडल धरलं आणि इंजिनाने उलटा फटका दिला तर मनगट जातं.

गंज काढायचा चांगला उपाय?

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, दहा लिटरला मूठभर सोडा, पार्ट चार्जरच्या उणे टोकाला, भंगारातला लोखंडी पत्रा अधिक टोकाला. दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. एका रात्रीत गंज काळा गाळ होऊन सुटतो आणि चांगलं लोखंड खाल्लं जात नाही. हे उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. अधिक टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट या पिंपात घालायचे नाहीत.

जुनं गास्केट, क्लचप्लेट, रंग घासताना काही धोका?

आहे. जुन्या हेड गास्केटमध्ये आणि ब्रेक-क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, जुन्या रंगात शिसं. कोरडं घासू नका, हवेने फुंकू नका. ओलं करून काढा, फडकं पिशवीत बांधून टाका, आणि लहान मुलांना त्या दिवशी लांब ठेवा. तांब्याचे वॉशर मात्र पुन्हा वापरता येतात: लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, नरम होतात.

पुण्यात कुठे शोधायचं?

गाडीला चालेल असा माल, सील, बेअरिंग, केबल यांसाठी नाना पेठ. जुन्या वस्तूंसाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी, तोही सकाळी लवकर. मला तिथे एकदा व्हिटवर्थ पान्यांचा जवळजवळ पूर्ण जुडगा मिळाला होता, फक्त एक पाना कमी. पत्र्यातून ठोकून करायची तांब्याची टाकी किंवा नळी असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत विचारा. हात अजून तयार आहेत तिथे. एकाच नगाचं लेथकाम भोसरीच्या छोट्या शेडमध्ये होतं, पण मोठी ऑर्डर चालू असताना जाऊ नका, टर्नर नाही म्हणतो.

डिझेल पंप आणि नोजल फक्त टेस्ट बेंच असणाऱ्याकडेच द्या. एका दुकानाने आमचा पंप ‘साफ करून’ दिला, प्लंजर (पंपातले दट्टे) अदलाबदल करून. प्लंजर आणि त्याची बाही जोडीने घासलेली असते, एकाची दुसऱ्यात चालत नाही. आता आम्ही पंप देताना जोड्यांवर आधीच खूण करतो.

बैलगाडी, पाभर, लाकडी नांगर यांचं काय?

यांचे पार्ट दुकानात नाहीत, माणसांत आहेत. गाडीच्या चाकाचे आरे आणि पुठ्ठे (चाकाच्या गोलाचे लाकडी तुकडे) बाभळीचे, तेही चांगल्या वाळलेल्या लाकडाचे. ओलं लाकूड वापरलं तर पहिल्या उन्हाळ्यात धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, सैल होते. धाव बसवणं बघण्यासारखं असतं. गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी पट्टी तापवून फुगवायची, दोघातिघांनी सांडशीने चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. वाफेच्या आवाजात सगळे आरे एकदम आवळले जातात. हे करणारे सुतार-लोहार मावळात, जुन्नरकडे अजून आहेत, पण वय झालेले. तुमच्या गावात असतील तर काम यंदाच करून घ्या.

पेरणीच्या पाभरीचं चाडं (बी टाकायचं तोंड) आणि नळ्या हरवल्या असतील तर नवीन करताना दोन फणांमधलं अंतर शेजारच्या पाभरीवरून घेऊ नका. ते गावागावात पिकाप्रमाणे बदलत असे. जुन्या दांडीवरच्या भोकांवरून घ्या.

नवीन रंग द्यावा का?

ट्रॅक्टर आणि इंजिन चालवायचं असेल तर द्या, गंज थांबतो. पण बैलगाडीवर, लाकडी अवजारांवर ऑइलपेंट नको. हाताने गुळगुळीत झालेलं नांगराचं रुमणं (मूठ) एकदा रंगवलं की त्यावरचा हात दिसत नाही. जवसाचं तेल पुरे.

ट्रॅक्टर रस्त्यावर आणता येईल का? व्हिंटेज नंबर मिळतो?

२०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी प्रवासी चारचाकी येतात, ट्रॅक्टर नाही. ट्रॅक्टरची मूळ नोंदणी जिवंत असेल तर ती आरटीओत नूतनीकरण करून घ्या. विकत घेण्याआधी चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहा, इंजिन नंबरही.

खर्च किती येईल?

मशीन उघडल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही. आधी उघडणं, धुणं आणि मापं घेणं एवढंच काम घेतो. त्याची यादी तुम्हाला देतो. पुढे काय करायचं ते घरी बोलून ठरवा.

येताना काय आणू?

मोडका पार्ट, सगळे तुकडे. तो ज्याच्यात फिरतो तो जोडीचा पार्ट. जुने बोल्ट. असेल तर जुनी पावती किंवा कॅटलॉगचं पान. आणि घरात कोणी ते यंत्र चालवलेलं असेल तर त्यांनाही आणा. मागे एका आजींनी खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं की चरकाचा वरचा रूळ नेहमी डावीकडे खायचा, म्हणून त्यांच्या घरी त्या बाजूला चामड्याची चकती घालायचे. आम्ही शिम शोधत होतो. मग त्याच जागी चामडं घातलं आणि रूळ सरळ झाला.